दोष काढलेला तृणमणी

टोमणा आणि खरं बोलणं यांतला फरक ज्यांना कळत नाही, त्यांनी पुण्यात राहू नये. माझी भावजय पुण्यातच जन्मली, पुण्यातच वाढली. लग्न होऊन पेठेतून वारज्याला आली, एवढाच तिचा जन्मभराचा प्रवास. टोमणे तिला कळतात, आणि चांगले कळतात. तिच्या आमटीला मी एकदा ‘पचायला हलकी आहे’ म्हणाले होते, ते ती अजून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवते. पण त्या दिवशी मात्र तिला टोमणा कळला नाही. त्या दिवशी ती अगदी भोळी झाली.

मी माझ्या खोलीत खिडकीशी बसले होते. हातात भिंग, समोर पांढरा कागद आणि कागदावर माझा तृणमणी. भावजय इस्त्रीचे कपडे कपाटात ठेवायला आली आणि माझ्या मागे थांबली. ती मागे थांबली की मला न बघता कळतं.

“ताई, गोमेद आहे का हो तो?” तिनं विचारलं.

त्या महिन्यात तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. माझ्या भाच्याची, म्हणजे तिच्या एकुलत्या एक मुलाची, हिंजवडीतली नोकरी गेली होती. कंपनीनं त्याच्या सगळ्या टीमलाच घरी पाठवलं होतं, पण आमच्या घरात निदान झालं ते राहूचं. कुठल्याशा गुरुजींनी पत्रिका बघून राहूची महादशा सांगितली आणि मधाच्या रंगाचा गोमेद घालायला सांगितला. बाकीच्या टीमच्या पत्रिकेतही एकाच वेळी राहू घुसला होता का, हे मी विचारलं. त्यावर माझ्या भावानं पेपर आणखी वर धरला. माझा भाऊ निवृत्त झाल्यापासून पेपरच्या मागेच राहतो.

तर गोमेद आहे का, असं तिनं विचारलं. मी भिंगातून डोळा न काढता म्हणाले, “हो, गोमेदच. राहूलाच पकडून आत कोंडून ठेवलंय. बघ, आठ पाय आहेत त्याला.”

हा टोमणा आहे. शेंबड्या पोरालाही कळेल की हा टोमणा आहे. ती “अगं बाई” म्हणाली, कपडे ठेवले आणि गेली. विषय संपला, असं मला वाटलं.

तो गोमेद नव्हता. गोमेद हा दगड असतो, हातात घेतला की वजन लागतं. माझ्याकडे होती ती राळ. झाडाची राळ, आपण धुपात घालतो तसलीच, फक्त पाच कोटी वर्षं जुनी. गुजरातेत जमिनीखाली लिग्नाइटच्या खाणी आहेत, तिथल्या कोळशात असे राळेचे गोळे सापडतात. कधीकाळी तिथं जंगल होतं. झाडाची साल फुटून राळ वाहिली, खोडावरून आपल्या कामाला निघालेला एक कोळी तिच्यात अडकला, झाड गेलं, जंगल गेलं आणि राळ तेवढी घट्ट होत राहिली. लोकरीवर घासला की हा मणी गवताच्या काड्या आणि कागदाचे कपटे स्वतःकडे ओढून घेतो, म्हणून तृणमणी. वर्गात मी हे करून दाखवायचे. साडीच्या पदरानं जमत नसे, त्यासाठी मी पुण्याच्या उन्हाळ्यात कॉलेजात स्वेटर नेत असे, आणि स्टाफरूममध्ये त्यावरून माझी जी काय टर उडवायची ती उडवून झालेली आहे.

माझी एक जुनी विद्यार्थिनी तिकडे खाणीवर भूशास्त्राच्या कामाला लागली होती. खाणीतले लोक हे गोळे कचरा म्हणून फेकून देतात. तिला त्यातल्या एकात कोळी दिसला आणि कोळी बघून तिला मी आठवले. यात खरं तर अपमान वाटायला हवा. मला तेव्हा रडू आलं. तिनं तो गोळा होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटलीत कापूस घालून माझ्याकडे पोचवला. सुपारीपेक्षा थोडा लहान तुकडा, आणि आत तांदळाच्या कणीएवढा कोळी. मान थोडी वळलेली, पुढचे दोन पाय वर उचललेले. पोटाखाली हवेचा एक बारीक बुडबुडा.

मी आयुष्यभर ज्युनिअर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. म्हणजे काय केलं, तर दुसऱ्यांनी शोधलेल्या प्राण्यांची दुसऱ्यांनी ठेवलेली नावं मुलांकडून पाठ करून घेतली. झुरळाची पचनसंस्था मी किती वेळा फळ्यावर काढली असेल, कोण जाणे. संशोधन करायचं होतं, पण घरात आईचं आजारपण होतं, कॉलेजात तास होते, आणि एकट्या बाईला कसली आलीय घाई, असं सगळ्यांचंच मत होतं. प्रॅक्टिकलं संपल्यावर मी प्रयोगशाळेत थांबायचे आणि कॉलेजच्या मायक्रोस्कोपखाली माझा कोळी बघायचे. एकदा विभागप्रमुखांनी दारातून डोकावून बघितलं.

“मॅडम, आधी पोर्शन संपवा,” ते म्हणाले. “कोळी काही पळून जात नाही तुमचा.”

मी पोर्शन संपवला. दर वर्षी संपवला. आणि उरलेल्या वेळात त्या कोळ्याची चित्रं काढली, पुन्हा पुन्हा, सगळ्या बाजूंनी. तो नर होता. कोळ्याच्या तोंडाशी पायांसारखेच दिसणारे दोन आखूड अवयव असतात. नराच्या या अवयवांची टोकं फुगीर असतात आणि त्यांची घडण प्रत्येक जातीत वेगळी असते. कुलपात किल्ली बसावी तशी ती त्याच जातीच्या मादीला बसते, दुसरीला नाही. कोळ्याची जात ओळखायची ती या किल्लीवरून. माझ्या कोळ्याची किल्ली मला कुठल्याच पुस्तकात सापडत नव्हती. टांगायचा आकडा असतो तसा एक काटा होता आणि त्याच्या टोकाला आणखी एक बारीक फाटा. तो फाटा बघताना मला धडधडायचं, अजून आठवलं तरी धडधडतं.

घरात या सगळ्याला ‘ताईंचा कोळी’ म्हणत. भाचा लहान होता तेव्हा त्याला मात्र माझ्या खोलीचं वेड होतं. आई झाडू घेऊन जळमटं काढायला निघाली की तो पुढे धावायचा आणि बाथरूममधला कोळी फुलपात्राखाली झाकून माझ्याकडे आणायचा. पाय मोजायचा. तृणमण्यातल्या कोळ्याला ‘म्हातारबाबा’ म्हणायचा, आणि म्हातारबाबांना आता झोपू दे म्हणून बाटलीवर रुमाल घालायचा. मग मोठा झाला, हिंजवडीला जायला लागला, हेडफोन घालून जेवायला लागला. होतं असं.

गेल्या वर्षी मी एका व्याख्यानाला गेले. बोलणारी बाई कोळ्यांवरच काम करते, दक्षिणेत एका संस्थेत असते, मूळची सोलापूरची. व्याख्यान संपल्यावर मी रांगेत उभी राहिले आणि फोनमधले फोटो तिच्यापुढे धरले. तिनं फोन माझ्या हातातून घेतला. मागच्या माणसांना तिनं थांबायला सांगितलं, फोटो मोठा केला आणि त्या काट्यावर आणला.

“हे कधीपासून आहे तुमच्याकडे?” तिनं मग विचारलं.

पुढे आमच्या मेल सुरू झाल्या. माझी चित्रं तिनं बघितली. तिच्या मते ही जात आजवर कुणीच नोंदवलेली नव्हती, आणि आज जगात ती कुठे जिवंत असण्याचाही प्रश्न नव्हता. तिचं वर्णन छापायचं, नाव द्यायचं, आणि लेखावर तिच्याबरोबर माझंही नाव घालायचं असं ठरलं. पण त्यासाठी मूळ कोळी हवा. नुसत्या चित्रांवरून, फोटोंवरून ती नाव देणार नव्हती. नाव दिलेला मूळ नमुना संग्रहालयात राहायला पाहिजे, म्हणजे शंभर वर्षांनीही कुणालाही तो काढून तपासता आला पाहिजे, असं तिनं मला बजावलं होतं. कुरिअर नको म्हणाली. दिवाळीनंतर तिचं पुण्यात काम होतं, तेव्हा स्वतः येऊन घेऊन जाणार होती. मी तिला घरचा पत्ता कळवला आणि कुठल्या बाजूनं रिक्षा आणायची तेही लिहिलं. आयुष्यात एवढी एकच गोष्ट माझ्या हातून व्हायची होती, आणि ती आता होणार होती.

आता मुद्द्याचं. विश्रांतवाडीला माझी एक मैत्रीण राहते, कॉलेजातलीच. तिचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मुलगी परदेशात, म्हणून मी काही दिवस तिच्याकडे राहायला गेले. आमच्या घरात कपाटांना कुलपं लावायची पद्धत नाही. बाटली कापसात होती, कपाटात होती, माझ्या साड्यांच्या मागे होती. यापलीकडे माणसानं स्वतःच्या घरात काय करायचं असतं?

परत आले तेव्हा जेवणाची वेळ होती. भाचा ताटावर बसला होता, आणि वरणभात कालवताना त्याच्या मधल्या बोटात चांदीच्या अंगठीत एक मधाळ खडा चमकला. लांबट, गुळगुळीत, चांगला घासून काढलेला. मी बघत राहिले. खरं सांगते, मला पहिल्यांदा काहीच कळलं नाही. छान आहे, असंसुद्धा मनात येऊन गेलं.

“बसा ना ताई,” भावजय म्हणाली. तिचा चेहरा नुसता फुलला होता. “तुम्हाला सरप्राइज द्यायचं होतं. अहो, तुमचाच आहे.”

मी खोलीत गेले. साड्यांच्या मागे हात घातला. बाटली होती, कापूस होता.

बाहेर येऊन मी काय बोलले ते मला सलग आठवत नाही. तिचं मात्र सगळं आठवतं, शब्दन् शब्द. ती तो घेऊन आधी पेठेतल्या खडेवाल्याकडे गेली होती. खडेवाला म्हणाला, हा गोमेद नाही, फारच हलका आहे. मग हिनं गुरुजींना फोन लावला. गुरुजी म्हणाले, उपरत्न म्हणून चालेल, रंग बरोबर आहे, फक्त खडा निर्दोष हवा.

“आणि त्यात मध्येच तो दोष होता ना,” भावजय म्हणाली. “तो काढून घेतला.”

दोष. पाच कोटी वर्षं राळेत मान वळवून बसलेल्या प्राण्याला ती दोष म्हणाली. आणि आवाज असा, की तांदळातला खडा निवडून काढलाय. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“तो कोळी होता,” मी म्हणाले.

“हो ना, मेलेला. असलं घरात ठेवतात का ताई? त्यामुळेच तर…” एवढं बोलून ती थांबली. त्यामुळेच तर मुलाची नोकरी गेली, असं तिला म्हणायचं होतं. म्हणजे हिंजवडीतल्या कंपनीनं सगळी टीम काढली ती माझ्या कपाटातल्या कोळ्यामुळे.

“मला विचारायचं नाही?” मी म्हणाले.

“विचारलं होतं की. तुम्हीच म्हणालात गोमेद आहे म्हणून. राहूला आत कोंडलंय म्हणालात.”

भावानं पेपर खाली केला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा केला असेल. “ताई, तू म्हणाली असशील तर…” असं तो म्हणाला आणि पेपर पुन्हा वर गेला.

तेव्हापासून आमच्या घरात या प्रकरणाचा निकाल हाच आहे. ताईच म्हणाल्या होत्या. शेजाऱ्यांनाही हेच माहीत आहे, नणंदा-जावांच्या ग्रुपवरही हेच गेलंय. माझी चूक आहे का यात? अजिबात नाही. माणूस टोमणा मारतो तो दुसऱ्याला टोमणा कळतो या विश्वासावर. तिला तो कळला होता. सोयीचा नव्हता म्हणून तिनं तो खरा करून घेतला, आणि मी हे तिच्या तोंडावर बोललेले आहे.

दुसऱ्या दिवशी मी बस पकडून त्या खडेवाल्याकडे गेले. भुकटी तरी मिळेल, एखादा तुकडा तरी, अशी आशा होती. दुकानात एक मध्यमवयीन गृहस्थ आणि मागे घासायची चाकं. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी मला स्टूल दिलं. गृहस्थ वाईट नव्हते. वाईट असते तर बरं झालं असतं, तिथं तरी मला ओरडता आलं असतं.

“काकू, किडा बरोबर मधोमध होता,” ते म्हणाले. “तिथं कापला असता तर दोन तुकडे पडले असते आणि खडा लहान झाला असता. म्हणून वरून घासत घासत आणला. फार मऊ माल. आणि घासताना वास काय सुटला होता सांगू, देवळात शिरल्यासारखा.”

“मग राहिलेलं काय झालं?”

“राहतंय काय? पाण्यावर घासतो आम्ही. गेलं सगळं पाण्याबरोबर.” त्यांनी चाकाखालची मोरी दाखवली.

मी त्या मोरीकडे बघत बसले. माझ्या कोळ्याची किल्ली, तो आकडा, आकड्याचा फाटा, सगळं या मोरीतून पेठेच्या गटारात गेलं होतं. एकदा ही जात जगातून गेली तेव्हा निदान तिच्यावर डोंगराएवढं काहीतरी कोसळलं असेल, हवा बदलली असेल, समुद्र आला असेल. दुसऱ्यांदा ती गेली ती आमच्या भावजयीनं दोष काढायला सांगितला म्हणून. गृहस्थांनी चहा मागवला. मी घेतला नाही.

त्या सोलापूरच्या बाईंना मेल लिहायला मला फार जड गेलं. मी त्यांना सगळं लिहिलं, टोमण्यासकट. त्या तरीही आल्या. ठरल्या दिवशी रिक्षा बरोबर त्याच बाजूनं आणली. भावजयीनं पोहे केले, वर खोबरं-कोथिंबीर घातली, आणि पाहुण्या बाईंना म्हणाली, “आमच्या ताईंना कोळ्यांची फार आवड.” मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

भाच्यानं अंगठी काढून दिली. बाईंनी बॅगेतून भिंग काढलं, खिडकीशी गेल्या, खडा सगळ्या बाजूंनी फिरवला. खड्याच्या कडेला, चांदीच्या पट्टीला लागून, एक पाय उरला होता. उचललेल्या पुढच्या पायांपैकी एक. मला तो आदल्या दिवशीच दिसला होता, पण मी त्यांना सांगितलं नव्हतं. त्यांना दिसतो का, आणि दिसल्यावर त्या काय म्हणतात, याची मी वाट बघत होते.

“पाय आहे,” त्या म्हणाल्या. “नखंसुद्धा शाबूत आहेत.”

“पुरेल?”

त्यांनी भिंग खाली ठेवलं. “नाही हो मॅडम. पायावरून काही होणार नाही.”

“माझी चित्रं आहेत. फोटो आहेत.”

“चित्रं फार चांगली आहेत,” त्या म्हणाल्या. “कधी दुसरा असाच सापडला, तर तुमच्या चित्रांवरून मी तो ओळखेन.”

“सापडेल?”

“सांगता येत नाही,” त्या म्हणाल्या. खोटा धीर दिला नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. त्या पोहे न खाता उठल्या, आणि नंतर भावजय मला म्हणाली की बाई जरा शिष्टच वाटल्या.

मग थोड्याच दिवसांत भाच्याला नोकरी लागली. बाणेरला, आधीच्यापेक्षा चांगली. भावजय पेढे घेऊन थेट माझ्या खोलीत आली. तिच्या डोळ्यांत खरोखरच पाणी होतं. “ताई, तुमच्या खड्यानं केलं हो,” ती म्हणाली आणि वाकून माझ्या पाया पडली. आता सांगा, पाया पडणाऱ्या बाईवर कसं चिडायचं? मला ते जमतं. मी म्हणाले, पेढा तिकडे टेबलावर ठेव आणि दार लावून जा.

संध्याकाळी भाचा आला. दारातच उभा राहिला, आत यायचं की नाही हे त्याला ठरवता येत नव्हतं.

“आत्या, एक सांगू? आईला बोलू नको.”

“काय?”

“मला त्यांचा फोन खूप आधीच आला होता. सिलेक्टेड म्हणून. ऑफर लेटर यायचं होतं म्हणून मी घरी कुणाला बोललो नाही. उगाच आधी बोलून जिंक्स नको.”

“आधी म्हणजे कधी?”

तो अंगठी बोटात फिरवत राहिला. “तू विश्रांतवाडीला होतीस ना, तेव्हा. आई ज्या दिवशी पेठेत गेली, त्याच दिवशी सकाळी.”

सकाळी त्याला नोकरी लागली होती, आणि दुपारी माझा कोळी चाकावर गेला होता. तो नाश्त्याच्या टेबलावर एक वाक्य बोलला असता, तर ती बाई पर्स घेऊन बाहेरच पडली नसती.

“आई काय घेऊन गेली, ते तुला माहीत होतं?”

“नाही गं, शप्पथ. अंगठी आल्यावर कळलं. म्हटलं, आता झालंच आहे तर…”

“म्हातारबाबा म्हणायचास तू त्याला.”

“आत्या, प्लीज,” तो म्हणाला. त्याला ते आठवत होतं, हे मला दिसलं, आणि त्यामुळे मी जास्तच भडकले.

“काढ मग ती अंगठी,” मी म्हणाले. “राहू बिहू काही नव्हता, हे तुला माहिताय. काढ आणि इथं ठेव. एक पाय राहिलाय त्याचा, तेवढा तरी माझ्याकडे राहू दे.”

त्यानं अंगठीकडे बघितलं. अर्धी काढलीसुद्धा, बोटाच्या पेरापर्यंत आणली. मग परत आत सरकवली.

“नको आत्या. आईला वाईट वाटेल.”

“आणि मला?” मी विचारलं.

त्यानं उत्तर टाळलं असतं तर मला समजलं असतं. पण तो खरोखर विचारात पडला होता. मला वाईट वाटू शकतं, ही गोष्ट त्याच्या डोक्यात पहिल्यांदाच येत होती. बत्तीस वर्षांचा घोडा. फुलपात्राखालचे कोळी मी याच्यासाठी गॅलरीतून एकेक करून बाहेर सोडायचे, कारण ते मेले तर याला वाईट वाटायचं.

आता तो रोज बाणेरला जातो. रात्री टेबलावर माझ्या समोर बसतो, वरणभात कालवतो, आणि त्याचा हात ताटात गोल गोल फिरताना तो पाय मला दिसतो. वर उचललेला. खड्याची ती कडा आता तुपाच्या बोटांनी आणखी गुळगुळीत झालीय, आणि एक दिवस तो पायही झिजून जाईल. मी हल्ली ताट घेऊन माझ्या खोलीत येते. दार उघडंच असतं. बाहेरचं सगळं ऐकू येतं.

परवा भावजय शेजारणीशी बोलत होती. आवाज बारीक केला होता, पण मला ऐकू येईल इतकाच बारीक.

“ताईंचं हल्ली काहीतरी बिनसलंय,” ती सांगत होती. “जेवायला बसत नाहीत, कुणाशी बोलत नाहीत. सारख्या चिडलेल्या. गुरुजींना विचारलं मी. राहूच म्हणाले. त्यांच्यासाठीही एक बघायचा म्हणतेय, चांगला. निर्दोष.”

माझ्या जिभेवर एक फक्कड टोमणा आला होता. असा, की शेजारीणसुद्धा चपला विसरून पळाली असती. मी तो घासाबरोबर गिळला. काय सांगावं, तोही खरा मानून ती उद्या सकाळी पेठेत घेऊन जायची.